एकमताने पुण्याला

बाबा निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं, आणि निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला जायचं हे ठरलेलं होतं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. मला कळायला लागल्यापासून आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये "रिटायर झालो की पुण्याला" हे वाक्य छताच्या पंख्यासारखं कायम फिरत असायचं. जुना सोफा का बदलत नाही? रिटायर झालो की पुण्यालाच जायचंय. आईचा गुडघा दुखतो? पुण्याची हवा बरी. दिल्लीतल्या केंद्र सरकारी मराठी घरांमध्ये हे वाक्य असतंच. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही, जसा कुणी देवाला नमस्कार करताना विचारत नाही.

आता गंमत आधीच सांगून टाकते, कारण मला रहस्यं जपता येत नाहीत. आईला दिल्ली सोडायची नव्हती. अजिबात नव्हती. पण घरात तिने हे कधी ओठांवर येऊ दिलं नाही, आणि त्या वर्षी तिच्या समोर बसून रोज पोळ्या खाणाऱ्या मला ते कळलं नाही. मी तेव्हा एम.ए.ला सामाजिक मानसशास्त्र शिकत होते. माणसं एकमेकांच्या संगतीत कशी वेड्यासारखी वागतात, याचं ते शास्त्र. दिवसभर मुनिरक्यात मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीत बसून मी ते पाठ करायची आणि संध्याकाळी घरी येऊन घरच्यांवर सोडायची.

सुरुवात झाली पाण्याच्या टाकीपासून. आमच्या इमारतीच्या गच्चीवर टाकी होती आणि मोटारीचं बटण जिन्याखाली. सकाळी टाकी भरून वाहायला लागली की अख्ख्या जिन्याला धबधब्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक घरातून एकच वाक्य ऐकू यायचं, "कोई बंद करो भई!" बंद कुणीच करायचं नाही. मी आईला समजावलं, याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात. बघे जितके जास्त, तितकी प्रत्येकाला वाटणारी जबाबदारी कमी. एकटा माणूस असता तर धावत गेला असता, पण इथे सगळ्यांना वाटतं दुसरा जाईल.

"अच्छा," आई म्हणाली. "मग तू जा."

"मी निरीक्षण करतेय."

तोवर पाणी आमच्या बाल्कनीत आलं आणि वाळत घातलेले बटाट्याचे पापड पोहायला लागले. आईने मला त्या दिवशी जे ऐकवलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

नंतर कूलर. बाबांनी एका उन्हाळ्यात एक कूलर आणला. तो सुरू केला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, ओल्या गवताचा वास सुटायचा आणि टीव्हीवर बातम्या देणारी बाई नुसती तोंड हलवताना दिसायची. आणताना बाबांना सगळ्यांनी नको म्हटलं होतं. त्यामुळे आणल्यावर बाबा रोज त्याची नवी स्तुती करायचे. "आवाज आहे म्हणूनच गाढ झोप लागते. चोर तर जवळपास फिरकणार नाही." मी सांगितलं, बाबा, हा कॉग्निटिव्ह डिसोनन्स आहे. आपण केलेली गोष्ट आणि आपल्याला कळणारी गोष्ट यांचं पटत नाही, तेव्हा मन बेचैन होतं. गोष्ट तर बदलता येत नाही, मग माणूस आपलं मतच बदलून टाकतो.

"म्हणजे पडलो तरी नाक वर," आई कणीक मळता मळता म्हणाली.

हे फार चीड आणणारं होतं. मी जाड इंग्रजी पुस्तकातून एक सिद्धांत घरी आणायचा आणि आईने त्यावर चार शब्दांची म्हण ठेवून द्यायची. बस स्टॉपवर न थांबलेला ड्रायव्हर बाबांच्या मते नालायक असायचा, पण बाबा स्वतः शेजाऱ्याला स्कूटरवर न घेता पुढे गेले तर त्यांना घाई असायची. दुसऱ्याचं वागणं स्वभावावर ढकलायचं आणि आपलं परिस्थितीवर, यालाही शास्त्रात भलंमोठं नाव आहे. आई म्हणाली, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी पहिल्या वर्षी विरजणाला चमचाभर दही मागितलं, मग फ्रिजमध्ये थोडी जागा, आणि मग नणदेच्या लग्नात आमची पुढची खोली चार दिवसांसाठी. लहान मागणीला हो म्हटलेला माणूस मोठीला नाही म्हणू शकत नाही, असा हा सिद्धांत. आई हसत म्हणाली, "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी." आणि त्याच आंटींसाठी तिने गरम पुरणपोळी ताटलीत झाकून वर पाठवली. आंटी तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण होती.

बाबांचं वेगळंच. त्यांना आपली माणसं शोधायचा नाद होता. पुण्याहून पाहुणे आले की कुतुबमिनाराआधी त्यांना पार उत्तरेला हिंदूरावला न्यायचे. तिथे एका जुन्या मराठा सरदाराच्या नावाचं, म्युनिसिपालिटीचं मोठं हॉस्पिटल आहे. पाहुणे बिचारे औषधांच्या वासात उभे राहायचे आणि बाबा छाती फुगवून म्हणायचे, "नावात राव आहे. आपलाच माणूस!" कुणा दुसऱ्याच्या मोठेपणात आपलं अंग शेकून घेण्याचा हा प्रकार मी पुस्तकात लाल पेन्सिलीने अधोरेखित केला होता.

आणि गणपतीची आरती. कॉलनीतल्या मराठी मंडळाची आरती म्हणजे गटाच्या दबावाची प्रयोगशाळा. दिल्लीत वाढलेल्या आम्हा पोरांना निम्मी आरती येत नसे, पण न येणं दिसू द्यायचं नाही म्हणून आम्ही पुढच्याच्या ओठांकडे पाहत ओठ हलवायचो. पुढचा त्याच्या पुढच्याकडे पाहायचा. एकदा सगळ्यांत पुढच्या काकांना मध्येच ठसका लागला आणि ते दोनदा खोकले. मागच्या दोन रांगाही भक्तिभावाने दोनदा खोकल्या. मी हसून हसून बाहेर पळाले आणि मंडपाच्या मागे एकटीच बसून स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

एवढी हुशार मी, आणि घरात आईचं काय चाललंय हे मला दिसेना.

आई लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं. भाजीवाल्याने भाव सांगितला की ती घाबरून तेवढेच पैसे देऊन घरी यायची, असं ती स्वतःच सांगते. आता हीच बाई सबंध गल्लीची घासाघीस करायची. थंडीत दुपारी कॉलनीच्या लॉनवर चटई टाकून विणायला बसणाऱ्या बायकांची ती पुढारी होती. वरच्या आंटी, एक बंगाली बोउदी, एक तमिळ मामी, आणि मध्ये शेंगांच्या टरफलांचा ढीग. तिथे सुना, सासवा, बदल्या आणि बढत्यांचे निकाल लागत. बाबांनी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत, दिल्लीला लागूनच असलेल्या फरीदाबादला, एक फ्लॅट घेतला होता, आणि त्याच सोसायटीत आंटींचा आणि मामींचाही होता. म्हणजे लॉनवरची चटई उचलून फरीदाबादला टाकायची, की झालं. आईला एवढंच हवं होतं. पण पुण्याला जायचं तर तो फ्लॅट विकायला हवा होता, आणि विकायचा हेही आपोआप ठरलं होतं.

घर बघायला आम्ही तिघं पुण्याला गेलो. आईच्या भावाने, म्हणजे माझ्या मामाने, कोथरूडला एक फ्लॅट हेरून ठेवला होता, त्याच्याच इमारतीत, त्याच्याच मजल्याच्या वर. बाबा बाल्कनीत उभे राहून म्हणाले, "वा! काय हवा." आई म्हणाली, "वा! काय शांतता." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वा!" मामाने प्रत्येक वा मनात टिपून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बिल्डरला सांगून आला.

खरं तर त्या चार दिवसांत आमचा पुण्यात एक तासही बरा गेला नव्हता. आईने मंडईत भाजीवालीला सवयीने "अरे ठीक-ठीक लगाओ ना" म्हटलं, तर ती म्हणाली, "बाई, मराठीत बोला, आणि भाव एकच आहे." आई दिवसभर गप्प होती. बाबांना दुपारी दीड वाजता चपलेचा अंगठा शिवून हवा होता, तर सगळी पेठ झोपलेली. रिक्षावाल्याला ते "भाईसाहब, चलोगे?" म्हणाले आणि त्याने नुसती मान हलवून त्यांना उभं ठेवलं. मला तर पहिल्या संध्याकाळपासून छोले-भटुऱ्यांचे डोहाळे लागले होते. पण जेवायच्या टेबलावर आम्ही तिघंही म्हणायचो, आपलं ते आपलं! परतीच्या गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, पुणं सुटल्याचं दुःख. मथुरा गेल्यावर आईचा चेहरा खुलला. मला वाटलं, चहा चांगला असेल.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, असा कडक नियम होता. आणि तिघांचंही खरं बोलणं हळूहळू उंबऱ्याबाहेर राहायला गेलं होतं. बाबा सकाळी दुधाच्या बूथसमोर रांगेत उभे राहून मित्रांना सांगायचे, "यार, मेरा तो बिल्कुल मन नहीं है, पर मिसेज़ का मायका है वहाँ." आई लॉनवर सांगायची, "मेरे को कहाँ जाना है? पर इनकी ज़िंदगी भर की इच्छा है." आणि मी इस्त्री मागायला वर गेले की आंटींना सांगायची, "दोनों इतने खुश हैं, मैं क्या बोलूँ." घरात येऊन दार लावलं की आम्ही तिघं मराठीत पुण्याचे पडदे निवडायचो.

सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं की या घरातल्या एकालाही जायचं नाही. ठाऊक नव्हतं फक्त आम्हाला.

रविवारी फ्लॅटचं गिऱ्हाईक येणार होतं. फरीदाबादच्या कारखान्यात काम करणारे एक सज्जन, भला माणूस, डोक्याला तेल लावून, नवा शर्ट घालून आले. आईने चिवडा आणि लाडू ठेवले. बोलणी सोपी होती, सगळं पटलंच होतं, हात मिळवायचा तेवढा बाकी होता. आईचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती सारखी त्या माणसाला आणखी चिवडा वाढत होती. बाबा कधी नव्हे ते त्याला फ्लॅटचे दोष सांगत होते. "पानी कभी-कभी कम आता है. और सामने भैंसें बँधती हैं." मला वाटलं, काय प्रामाणिक माणूस आहे माझा बाप!

तेवढ्यात आंटी आल्या. त्यांना रिकामा डबा परत करायचा होता, निदान त्या तसं म्हणाल्या. डबा टेबलावर आपटून त्या मध्येच उभ्या राहिल्या.

"सच में बेच रहे हो?"

"हाँ जी," बाबा म्हणाले.

"क्यों?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते.

"भाईसाहब, आप दूध की लाइन में मेरे मिस्टर को रोज़ बोलते हो, जाने का मन नहीं है. बोलते हो कि नहीं?" बाबांचा आ वासला. "और बहनजी, आप तो परसों लॉन पे मेरे सामने रोई हो. और ये लड़की मेरी इस्त्री ले जाती है और आधा घंटा रो के जाती है." हे साफ खोटं होतं, मी कधीच रडले नव्हते, फक्त एकदा. "तीनों का मन नहीं है तो जा कौन रहा है?"

गिऱ्हाइकाचा लाडू तोंडाशी थांबला होता.

"आपने पहले क्यों नहीं बताया?" शेवटी मीच कशीबशी म्हणाले.

"मैंने सोचा," आंटी आता जरा मऊ झाल्या, "तुम मराठी लोगों में कोई रिवाज होगा. कि घर में नहीं बोलते."

मला एकदम सगळं दिसलं, आणि इतकं लाजिरवाणं वाटलं की त्या चिवड्याच्या बशीत तोंड खुपसावं. आदल्याच आठवड्यात हा धडा मी वर्गात उभं राहून समजावला होता. गटातल्या प्रत्येकाला एखादी गोष्ट नको असते, पण बाकीच्यांना हवी आहे असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून प्रत्येक जण हो म्हणतो, आणि त्या होकारांकडे बघून बाकीच्यांची खात्री पटते. सामूहिक गैरसमज. सरांनी उदाहरण मागितलं तेव्हा मी लांबच्या कुठल्याशा गावाचं दिलं होतं.

सर्वांत आधी भानावर आलं ते गिऱ्हाईक. त्याने लाडू संपवला, हात रुमालाला पुसले आणि विचारात पडून म्हणाला, "एक बात बताऊँ? मेरी मिसेज़ ने भी फ्लैट देख के बस 'अच्छा है' बोला था." मग तो उठलाच. "मैं ज़रा घर जाकर पूछ के आता हूँ." तो गेला आणि परत कधी आला नाही. आंटीही वर गेल्या. खोलीत आम्ही तिघं उरलो आणि कूलर.

बाबांनी कूलर बंद केला. "अगं, तुला नव्हतं जायचं?"

"तुम्हाला नव्हतं?"

"मला वाटलं तुझं माहेर आहे."

"मला वाटलं तुमचं स्वप्न आहे."

मला हसू फुटलं, ते मी ओढणीत दाबलं. पण आई हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावली होती, फार रागावली होती. "अहो, एकदा विचारायचं तरी! इतक्या वर्षांत एकदा! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून किती दिवस धरून बसायचं?"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "विचारलं असतं आणि तू पुणंच म्हणाली असतीस, तर?"

"तर गेलो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. असा वेडा युक्तिवाद सरकारी नोकरीतल्या माणसालाच सुचतो. फाईल वर पाठवली नाही म्हणजे ती नामंजूर होत नाही! पण आईचा राग त्या वाक्याने उतरला हे मला दिसलं. ज्या माणसाला मी रोज त्याच्या चुकांची शास्त्रीय नावं सांगत होते, तो वर्षभर बायकोच्या एका उत्तराला घाबरून दुधाच्या रांगेत मन मोकळं करत होता.

आता मामाला कळवायला हवं होतं. बिल्डर सोमवारी मामाकडे येणार होता. फोन कोपऱ्यातल्या स्टुलावर, आणि आम्ही तिघं तीन दिशांना. बाबा वर्तमानपत्र शोधू लागले. मी बशा उचलल्या. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा उठेल. हे काय चाललंय त्याचं नाव मला पाठ होतं, तरी मी बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच रेंगाळले.

आई उठली. पदराला हात पुसले आणि नंबर फिरवला. लाईन लागेना, तिने पुन्हा फिरवला. तिकडून मामाचा आवाज इतका मोठा होता की मला दारातून ऐकू येत होता. "हां, बोल! झाला का सौदा?"

"दादा, आम्ही फ्लॅट विकत नाही," आई म्हणाली. "मला दिल्ली सोडायची नाही."

हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं होतं.

तिकडून मामा म्हणाला, "अगं, पण भाऊजींचं काय? भाऊजी काय म्हणतात?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, म्हणजे सांगून टाक, मलाही नाही यायचं. इतकी वर्षं बाबांच्या प्रत्येक मान हलवण्याचं वाक्य आईनेच केलं होतं.

"ते इथेच आहेत," ती म्हणाली. "त्यांचं ते सांगतील. मी माझं सांगितलं."

आणि तिने रिसीव्हर बाबांपुढे धरला.